सीताबर्डी टेबलावर: नेपोलियनकाळाचे नियम १८१७च्या लढाईला लावण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या पश्चिम भागातील एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत रविवारी दुपारी जमणारा हा गट मिनिएचर वॉरगेम खेळतो, म्हणजे सहा फूट लांब आणि चार फूट रुंद टेबलावर इंचभर उंचीच्या रंगवलेल्या सैनिकांच्या बाहुल्या मांडून, अंतर टेपने मोजून आणि निकाल फाशांनी ठरवून जुन्या लढाया पुन्हा लढतो. सदस्यांची ओळख पटू नये म्हणून येथे त्यांची नावे दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत. गटाचे ज्येष्ठ सदस्य निवृत्त स्थापत्य अभियंता आहेत आणि सगळे त्यांना काका म्हणतात. इतिहास शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका आहेत, त्यांना मॅडम. उरलेल्यांत बँकेत नोकरी करणारे दोघे आणि अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी आहेत.

गटाचे नियम काकांनी स्वतः लिहिलेले होते आणि ते नेपोलियनच्या युद्धांसाठी होते. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या त्या काळाच्या असल्याने तसे ठरले होते. प्रत्येक फेरीत क्रमाने हालचाल, गोळीबार, हातघाई आणि शेवटी मनोधैर्याची चाचणी होत असे. पलटण रांगेत, स्तंभात किंवा चौकोनात उभी राहू शकत असे. एक तृतीयांश माणसे पडली की चाचणी आणि चाचणीत नापास झाली की माघार, असा साधा हिशेब होता. सेनापती बारा इंचांच्या आत असेल तर हुकूम चालत असे. या नियमांवर गट समाधानी होता आणि त्यांत तक्रारीसारखे काही नव्हतेही.

नोव्हेंबरमध्ये वाचनालयाच्या वाचकांसाठी एक खुला डाव मांडायचा आणि तो सीताबर्डीच्या लढाईचा असावा, ही सूचना मॅडमची. बर्डीवरून रोज जाणाऱ्या, टेकडी गणपतीला हात जोडणाऱ्या नागपूरकराला तेथे २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी काय घडले हे बहुधा ठाऊक नसते. सीताबर्डीचा किल्ला लढाईनंतर बांधला गेला. तो लष्कराच्या ताब्यात असून वर्षातील मोजक्या राष्ट्रीय दिवशीच लोकांसाठी उघडतो, त्यामुळे लढाई जेथे झाली त्या दोन टेकड्यांचे, एका लहान आणि एका मोठ्या, नाते जमिनीवरून समजून घेण्याची संधीही फारशी मिळत नाही.

लढाईची रूपरेषा थोडक्यात अशी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अप्पासाहेबांचे सैन्य सुमारे अठरा हजार होते, त्यांत तीन-चार हजार अरब आणि सोबत ३६ तोफा होत्या. समोर रेसिडेंट, म्हणजे दरबारातील इंग्रजांचे प्रतिनिधी, रिचर्ड जेन्किन्स यांच्या रक्षणासाठी लेफ्टनंट कर्नल होपटन स्कॉट यांच्या हाताखाली ईस्ट इंडिया कंपनीचे जेमतेम चौदाशे लोक होते. स्कॉट यांनी दोन्ही टेकड्या धरल्या. लहान टेकडीवर मद्रासच्या २४व्या पलटणीचे सुमारे तीनशे शिपाई होते. २६ तारखेच्या संध्याकाळी सुरू झालेला गोळीबार रात्रभर चालला, दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली, कॅप्टन फिट्झजेराल्ड यांनी परवानगी नाकारली गेली असतानाही घोडदळाचा हल्ला केला, टेकडी पुन्हा कंपनीच्या हाती आली आणि दुपारपर्यंत लढाई संपली. कंपनीची साडेतीनशेहून अधिक माणसे ठार किंवा जखमी झाली, म्हणजे दर चारांतला एक.

अडचण

काकांना हे काम सोपे वाटले आणि त्यांचे कारण वरवर पाहता बिनतोड होते. वॉटर्लूची लढाई जून १८१५मधली. सीताबर्डी त्यानंतर अडीच वर्षांच्या आत झाली. कंपनीच्या शिपायाच्या हातात होती ती बंदूक त्याच कुळातली, कवायत तीच, सहा पौंडी तोफही तीच. तेव्हा केवळ नवी सैन्ययादी लिहायची, अरबांना आणि शिलेदारांना गुण द्यायचे आणि थर्माकोलच्या दोन टेकड्या कापायच्या, एवढेच काम उरते असा त्यांचा हिशेब होता.

पहिल्या चाचणी डावात अरब पायदळ ‘बेशिस्त हलके पायदळ’ या रकान्यात बसवले गेले. त्यांच्या तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने उडणाऱ्या, बंदुका भरायला वेळ लागतो म्हणून गोळीबारात एक गुण उणे झाला. परिणामी त्यांचा खेळाडू दिवसभर दूर उभा राहून गोळ्या झाडत बसला, कारण त्या नियमांत बेशिस्त तुकडीने चढावर धाव घेणे म्हणजे आत्मघातच होता. भोसल्यांचे घोडदळ फ्रेंच चिलखती स्वारांप्रमाणे गुडघ्याला गुडघा लावून धावले, कंपनीने चौकोन केले आणि घोडदळ ठरल्याप्रमाणे फुटले. लहान टेकडीला कोणी हातही लावला नाही. दुसऱ्या डावात मॅडमच्या आग्रहाने अरबांचे गुण वाढवले, तेव्हा ते रशियन ग्रेनेडियरांसारखे रांगेत चालत वर गेले आणि दोन्ही टेकड्या घेऊन मोकळे झाले. पुढच्या डावांत गुण पुन्हा खाली आणले, मग अर्धा गुण वर. प्रत्येक वेळी विजेता बदलत होता, पण डाव मात्र कपडे बदललेल्या वॉटर्लूचाच राहत होता.

संख्येचा प्रश्न याहून उघड होता. जुन्या नियमांत एक बाहुली म्हणजे वीस माणसे. त्या प्रमाणात कंपनीच्या ७० बाहुल्यांसमोर भोसल्यांच्या ९०० बाहुल्या मांडाव्या लागल्या असत्या. तेवढ्या गटाकडे नव्हत्या, आणि असत्या तरी टेबलावर मावल्या नसत्या.

समोरचे पर्याय

गटाने या टप्प्यावर थांबून चार मार्गांचा विचार केला. हा थांबा मला या प्रकरणातील सर्वांत मोलाचा निर्णय वाटतो, कारण त्या वेळी कार्यक्रम दोन महिन्यांवर आला होता आणि रंगकाम अर्धवट पडले होते.

पहिला मार्ग गुणांची डागडुजी करत राहण्याचा. त्याचा फायदा असा की नियम सगळ्यांच्या तोंडपाठ होते. दुसरा मार्ग वसाहतकालीन लढायांसाठी लिहिलेले तयार नियम घेण्याचा. एका विद्यार्थ्याने असे नियम मिळवून वाचले, पण ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोहिमांसाठी होते. त्यांत एका बाजूला मागून भरायच्या रायफली आणि दुसऱ्या बाजूला भालेकऱ्यांची झुंड असे गृहीत होते. भोसल्यांचा ३६ तोफांचा तोफखाना त्यांत कोठेच बसत नव्हता. मॅडमनी हा पर्याय आणखी एका कारणाने नाकारला: त्या नियमांत ‘स्थानिक’ बाजू खेळाडूला न देता फाशांवर चालवण्याची सोय होती, आणि नागपुरात बसून नागपूरच्या फौजेला बुद्धीच नाही असे मांडणे त्यांना मान्य नव्हते. तिसरा मार्ग सगळे नव्याने लिहिण्याचा, जो वेळेअभावी बाजूला पडला.

चौथा मार्ग शेवटी निवडला गेला. फेरीचा सांगाडा, गोळीबाराचे कोष्टक आणि हातघाई तशीच ठेवायची, पण हुकूम आणि मनोधैर्य हे दोन भाग पूर्ण काढून त्या काळाप्रमाणे नवे बसवायचे. काकांनी याला बराच विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की प्रत्येक काळासाठी मनोधैर्य वेगळे असेल तर त्याला एकच नियमावली म्हणण्यात अर्थ नाही, ती दर वेळी नवी नियमावलीच झाली. मॅडमनी उलट विचारले की सगळ्या काळांत जर काही समान असेल, तर ते बंदुकीची गोळी लागल्यावर माणूस पडतो एवढेच आहे, तो पळतो केव्हा हे कसे समान असेल? या प्रश्नाला उत्तर देताना काकांची बाजू सैल झाली आणि कामाला दिशा मिळाली.

काय केले

पहिली पायरी म्हणून गटाने कोणतेही आकडे न लिहिता एक तक्ता केला. प्रत्येक प्रकारच्या सैनिकापुढे त्याच्याजवळचे गमावण्यासारखे काय, एवढेच लिहायचे होते. हा तक्ता या कामाचा गाभा ठरला.

शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असतो आणि त्या घोड्यावरच त्याचा पगार अवलंबून असतो. घोडा मेला तर नोकरी गेली. बारगीर सरकारी किंवा सरदाराच्या घोड्यावर बसतो, त्याला ही धास्ती नाही. जुन्या नियमांत दोघेही ‘हलके घोडदळ’ होते. आता शिलेदारांच्या तुकडीला न डळमळलेल्या पायदळावर किंवा तोफेवर समोरून धावण्यापूर्वी चाचणी द्यावी लागते, मात्र त्या चाचणीत नापास होणे म्हणजे पळणे नव्हे. तुकडी नुसती बाजूला वळते आणि पुढच्या फेरीत पुन्हा कामाला येते. पळणाऱ्या शत्रूवर, सामानावर किंवा उघड्या पडलेल्या तोफेवर जायचे असेल तर तिला कोणतीही चाचणी नाही. एका विद्यार्थ्याने हे सगळे एका वाक्यात बसवले: ‘काका, तो भित्रा नाही न, त्याच्या घोड्यावर कर्ज आहे.’ ते वाक्य पुढे नियमपत्रकात जसेच्या तसे छापले गेले.

अरबांचा विचार वेगळा झाला. ते पगारी सैनिक, आपापल्या जमादारांच्या हाताखालचे, आणि जवळच्या लढाईत तलवार व जंबिया (वाकडा खंजीर) चालवणारे. त्यांच्या बंदुकीची गती कमी आहे हे खरे, पण त्यांची किंमत बंदुकीच्या गतीत नव्हती. नव्या नियमांत अरबांची तुकडी चढावर धावू शकते, माणसे पडली म्हणून थांबत नाही, पण जमादार पडला की तेथेच थबकते आणि नवा जमादार पुढे येईपर्यंत हुकूम घेत नाही. घरे, भिंती आणि झाडी यांच्या आडोशाला त्यांना दुप्पट टिकाव दिला.

कंपनीच्या शिपायासाठी एक तृतीयांश नुकसानीची जुनी चाचणी रद्द झाली. चौथा हिस्सा माणसे पडूनही ज्या फौजेने मोठी टेकडी सोडली नाही, तिला तिसऱ्या हिश्श्यावर पळायला लावणारा नियम अगदी काठावर बसलेला आहे, हा मॅडमचा मुद्दा होता. त्याऐवजी शेजारची तुकडी हटली किंवा मागची वाट तुटली तरच चाचणी, असे ठरले. यामुळे लहान टेकडी पडली की मोठ्या टेकडीवरच्या प्रत्येक तुकडीला फासा टाकावा लागतो. लहान टेकडीचे महत्त्व खेळाडूला समजावून सांगावे लागत नाही, पहिल्या अनुभवातच कळते.

हुकमांसाठी पत्त्यांचा गठ्ठा आला. प्रत्येक सरदार, जमादार आणि कंपनीचा अधिकारी यांचा एकेक पत्ता, सगळे पिसून एकत्र, आणि ज्याचा पत्ता निघेल त्याच्या तुकड्या हलतील. ही पद्धत या छंदात जुनी आहे, तिच्यात नवे काही नाही. नवे होते ते अप्पासाहेबांच्या पत्त्याचे. लढाईनंतर त्यांनी वकील पाठवून हल्ला आपल्या हुकमाने झालाच नाही असे कळवले होते, आणि हा दुटप्पीपणा नियमात कसा आणायचा यावर दोन रविवार वाद चालला. शेवटी ठरले की अप्पासाहेबांचा खेळाडू प्रत्येक फेरीत त्यांचा पत्ता गठ्ठ्यात घालायचा की हातात राखायचा हे गुपचूप ठरवील. घातला तर सगळे सरदार एकत्र हलू शकतात, पण डाव हरल्यास शिक्षा दुप्पट. राखला तर हल्ला तुकड्या-तुकड्यांनी होतो आणि हरल्यावर नामानिराळे राहता येते. माझ्या मते संपूर्ण नियमावलीतील हे सर्वांत चांगले कलम आहे, कारण ते राजकारण फाशावर न सोपवता खेळाडूच्या हातात ठेवते.

फिट्झजेराल्ड यांचा प्रश्नही असाच सुटला. घोडदळाचा खेळाडू वेगळा ठेवला आणि स्कॉटच्या खेळाडूने नाही म्हटले तरी एकदा, फक्त एकदाच, त्याला स्वतःच्या जबाबदारीवर निघता येईल असे लिहिले.

मोजमापाचे काम काकांचे आणि ते त्यांनी चोख केले. दोन टेकड्यांमधील अंतर सुमारे ३०० यार्ड. जुन्या मोजणीत एक इंच म्हणजे २५ यार्ड होते, त्यामुळे टेकड्या बारा इंचांवर येत आणि मधल्या खिंडीत हालचालीला जागाच उरत नसे. एक इंच म्हणजे १५ यार्ड धरल्यावर त्या वीस इंचांवर गेल्या. तीनशे शिपाई दोन ओळींत उभे केले आणि प्रत्येकाला २२ इंच जागा दिली तर आघाडी सुमारे ९२ यार्ड, म्हणजे टेबलावर सहा इंच होते, आणि बंदुकीचा शंभर यार्डांचा परिणामकारक पल्ला सात इंचांच्या आत राहतो. बाहुल्यांची संख्या माणसांशी जोडायची नाही, आघाडीच्या रुंदीशी जोडायची, हा निर्णय याच हिशेबातून निघाला. भोसल्यांच्या उरलेल्या फौजेसाठी काकांनी सोपी युक्ती केली: फुटलेली तुकडी टेबलाबाहेर जाते आणि दोन फेऱ्यांनी ताजी तुकडी म्हणून परत येते. नऊशे बाहुल्यांचे काम शे-सव्वाशेत भागले.

लढाईत दारूगोळ्याच्या गाड्याच्या स्फोटाने गोंधळ झाला होता. तो ठरावीक वेळी घडवायचा की नशिबावर सोडायचा, यावर फार चर्चा झाली नाही. स्फोटाचा एक पत्ता गठ्ठ्याच्या खालच्या अर्ध्यात घातला आणि तो कोणत्याही बाजूला लागू शकतो असे ठेवले.

निष्पत्ती

खुल्या डावाला अपेक्षेहून अधिक लोक आले. उभे राहून पाहणाऱ्यांना नियम माहीत नव्हते, पण लहान टेकडीवर काय चालले आहे हे त्यांना समजत होते आणि टेकडी पडली तेव्हा खोलीत गलका झाला. त्या दिवशीच्या आणि नंतरच्या बहुतेक डावांत लहान टेकडी निदान एकदा हात बदलते. मोठी टेकडी कधी पडते, कधी नाही. काकांना भोसल्यांचे विजय प्रमाणाबाहेर वाटतात. मॅडमचे उत्तर असे की स्कॉटची अवस्था २७ तारखेच्या सकाळी खरोखरच तशी होती, आणि एकाच वेळी सगळे सरदार पुढे आले असते तर काय झाले असते हे विचारण्यासाठीच डाव मांडायचा असतो. हा वाद मिटलेला नाही आणि तो मिटावा असे मला वाटतही नाही. मात्र तोफखान्याबाबत काकांचा आक्षेप योग्य आहे. ३६ तोफांना टेबलावर जितकी कामगिरी करता येते तितकी ती प्रत्यक्षात झाली नाही, आणि नियमांत त्याला अद्याप कारण सापडलेले नाही.

यशाने उत्साह वाढून गटाने तेच नियम आणखी दोन ठिकाणी लावले. पहिला प्रयत्न डिसेंबर १८१७मधील जुम्मा दरवाजाचा, म्हणजे महालातील आजच्या गांधी गेटचा. शहर धरून बसलेल्या अरबांनी २४ डिसेंबरला कंपनीचा तेथील हल्ला परतवला होता. अरबांचे नियम येथे उत्तम चालले, बाकी काहीच चालले नाही. वेढ्यात हालचाल दिवसांनी मोजायची असते आणि सरदारांचे पत्ते अर्ध्या तासाच्या हालचालीसाठी बनवलेले होते. दोन डावांनंतर गटाने तो सोडून दिला.

दुसरा प्रयत्न विद्यार्थ्यांचा आणि तो विज्ञानकथेतला होता: मंगळावरील खाणींसाठी दोन कंपन्यांच्या यंत्रमानवांची लढाई. त्यांनी बंदुकीच्या जागी लेझर, घोड्याच्या जागी चाके असे बदल करून पाहिले आणि डाव कंटाळवाणा झाला. तक्ता पुन्हा काढला तेव्हा कारण दिसले. ‘गमावण्यासारखे काय’ या रकान्यात यंत्रमानवापुढे लिहिण्यासारखे काहीच नव्हते, त्यामुळे मनोधैर्याचा भाग रिकामाच फिरत होता. विद्यार्थ्यांनी तो भाग काढला आणि सगळा भार हुकमांवर टाकला. पृथ्वीहून मंगळावर संदेश पोचायला दोन ग्रहांच्या अंतराप्रमाणे साधारण तीन ते बावीस मिनिटे लागतात. डावाच्या सुरुवातीला फाशाने अंतर ठरते आणि खेळाडूने लिहिलेला हुकूम तेवढ्या फेऱ्यांनंतर अमलात येतो. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली रूढ झालेल्या क्रीग्सश्पील या युद्धखेळामध्येही खेळाडू पंचाकडे असेच लेखी हुकूम देत आणि ते पोचायला वेळ लागे, हे मॅडमनी सांगितल्यावर विद्यार्थी थोडे हिरमुसले, पण खेळ मात्र रंगला.

वेगळे काय करता आले असते

तक्ता सर्वांत आधी करता आला असता. रंगकाम, टेकड्या आणि सैन्ययादी ही कामे डोळ्यांना दिसतात म्हणून गट त्यांच्यामागे आधी लागला आणि गुणांच्या डागडुजीत पाच-सहा रविवार गेले. तक्त्याला एक संध्याकाळ पुरली होती.

चाचणी डावांच्या नोंदींतही सुधारणेला वाव आहे. कोण जिंकले एवढेच लिहिले गेले. कोणत्या खेळाडूला कोणत्या क्षणी खरोखर निवड करावी लागली, हे लिहिले असते तर पहिल्या दोन डावांतच दिसले असते की भोसल्यांच्या खेळाडूपुढे निवड अशी नव्हतीच. तसेच मॅडम सोडून कोणीही लढाईची मूळ वर्णने वाचली नव्हती, त्यामुळे प्रत्येक वादात त्या एकट्या साक्षीदार आणि त्याच वकील अशी स्थिती होती. वाचनालयातच बसणाऱ्या गटाला हे टाळता येण्यासारखे होते.

गटापुढे आता अडगावची लढाई आहे. अकोला जिल्ह्यातील या ठिकाणी २९ नोव्हेंबर १८०३ रोजी कंपनीचे सेनापती आर्थर वेलस्ली आणि नागपूरकर भोसले यांची गाठ पडली, आणि सुरुवातीच्याच तोफमाऱ्यात कंपनीच्या तीन पलटणी घाबरून मागे पळाल्या, ज्या दोनच महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत उत्तम लढल्या होत्या. वेलस्ली यांनी त्या स्वतः सावरून पुन्हा उभ्या केल्या. नव्या नियमांत शेजारची तुकडी हटल्याशिवाय किंवा मागची वाट तुटल्याशिवाय शिपायाला चाचणीच नाही, म्हणजे अडगाव त्यांत घडू शकत नाही. काकांनी सुचवले आहे की तुकडीचा दर्जा डावाआधी कागदावर न लिहिता पहिला गोळा पडल्यावर फाशाने ठरवावा. मॅडमना हे पटलेले नाही. त्यांच्या मते त्या दिवशीची लांब चाल आणि दुपारनंतरची वेळ यांचा हिशेब नियमात आधी यायला हवा. दोन्ही रीतींनी एकेक डाव खेळून पाहायचे ठरले असून अडगावच्या जमिनीचा आराखडा काका करत आहेत.